आजीच्या हातचे

चिप्सच्या त्या कारखान्यात बटाट्याला माणसाचा हात एकाच ठिकाणी लागायचा, आणि तोही रबरी मोज्यातून. बाकी सगळं यंत्रांचं राज्य होतं. ट्रक पाठमोरा यायचा, मागची फळी उघडली की बटाटे धडाधड खड्ड्यात पडायचे, पाण्याबरोबर वाहत पुढे जायचे. खरखरीत रुळांच्या पिंपात घोळून त्यांची सालं निघायची. मग ते गरगर फिरणाऱ्या ड्रममध्ये पडले की कडेच्या पात्यांवर आपटून क्षणात त्यांच्या चकत्या व्हायच्या. चकत्या धुऊन तळणीत. तळणी म्हणजे कढई नव्हे. एखाद्या बोळाएवढं लांब, वरून झाकलेलं, सतत वाफा टाकणारं तेलाचं पात्र. एका तोंडानं ओल्या चकत्या आत आणि दुसऱ्या तोंडानं कुरकुरीत चिप्स बाहेर. मसाल्याच्या पिंपात जाण्याआधी त्यांचा पट्टा एका लांब टेबलावरून जायचा. त्या टेबलापाशी सहा बायका दिवसभर उभ्या असायच्या आणि करपलेले, हिरवे, काळ्या काठाचे चिप्स वेचून डब्यात टाकायच्या.

त्या सहाजणींत जी सगळ्यांत चपळ होती तिला सगळे चिमटी म्हणायचे. तिची दोन बोटं पट्ट्याला नुसती टेकून आल्यासारखी वाटायची, आणि तेवढ्यात काळा चिप डब्यात गेलेला असायचा. लग्न झालं त्याच वर्षी ती इथं कामाला लागली होती. तेव्हापासून टेबलावरच्या बाकीच्या बायका बदलत गेल्या, चिमटी मात्र जागेवर होती. तिचं खरं नाव हजेरी घेणाऱ्यालासुद्धा आठवून सांगावं लागे.

तर अशा या कारखान्यात धाकट्या मालकांना ‘आजीच्या हातचे’ चिप्स काढायची बुद्धी झाली.

थोरल्या मालकांचं सगळं आयुष्य चकत्या एकसारख्या जाडीच्या निघाव्यात या एका ध्यासात गेलं होतं. धाकटे मालक मोठ्या कॉलेजात शिकून आले होते. लोकांना आता एकसारखेपणाचा कंटाळा आलाय, हे त्यांना तिथं भरपूर फी घेऊन शिकवण्यात आलं होतं. त्यांनी फिटरला बोलावून पाती वेडीवाकडी बसवायला सांगितली. चकती एका बाजूनं जाड, दुसरीकडे पातळ अशी निघाली पाहिजे. म्हातारीनं घाईत कापल्यासारखी. ज्या माणसाचा उमेदीचा काळ पाती सरळ करण्यात गेला त्याच्यावर हा प्रसंग आला. बिचारा घरात कोणी आजारी असल्यासारखा हिंडत होता. सोलायच्या पिंपाचा वेळही कमी केला, म्हणजे चिपला थोडी साल राहील. त्या सालीला ‘घरगुतीपणा’ असं नाव मिळालं. पूर्वी एवढी साल राहिली असती तर मुकादमबाईंनी सोलणीवाल्याचीच सालटी काढली असती.

चिप्स तयार झाले, फक्त आजी राहिली.

तिच्यासाठी जाहिरातीचा एक माणूस आला. तो खोलीतसुद्धा टोपी काढायचा नाही, म्हणून सगळे त्याला टोपीवाला म्हणू लागले. त्यानं कितीतरी आज्या बघितल्या. एकीचे दात फारच चांगले होते. दुसरीची नजर हुशार होती, आणि हुशार आजी बघून कोणी चिप्स घेत नाही असं त्याचं मत होतं. तिसरीला तर स्वयंपाक येत होता. ती सारखी तेलाबद्दल विचारत राहिली, म्हणून तिला चहा पाजून परत पाठवलं.

त्याच सुमारास एका सकाळी चिमटी चष्मा घरी विसरली. तिच्या सासूबाई तो द्यायला कारखान्याच्या फाटकाशी आल्या. रखवालदारानं त्यांना बराच वेळ उन्हात उभं केलं. आतून त्या तापल्या होत्या, पण चेहऱ्यावर त्याचा मागमूस नव्हता. गोल गाल, पांढरेशुभ्र केस, आणि ओठांवर असं काही समजूतदार हसू की बघणाऱ्याला वाटावं, आपण लहानपणी यांच्याच मांडीवर वाढलो. गाडीतून येणाऱ्या टोपीवाल्यानं काच खाली केली आणि तो जागच्या जागी थिजला.

ते हसू कुठून आलं होतं हे चिमटीला चांगलं माहीत होतं. सासूबाई आयुष्यभर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारीच्या खिडकीवर होत्या. समोरचा माणूस कितीही पेटला तरी त्यांचा चेहरा ‘तुमचं अगदी बरोबर आहे’ असं म्हणत राहायचा. पाणी मात्र यायचं नाही.

आणि सासूबाईंनी जन्मात बटाटा सोलला नव्हता. यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना स्वतःलाच कधी वाटलं नव्हतं. सासरे होते तोवर स्वयंपाक सासरे करत. ते गेल्यावर चिमटीचा नवरा करू लागला, आणि चिमटी आल्यावर ती. सासूबाई स्वयंपाकघरात जायच्या त्या पाणी प्यायला, आणि ग्लास कुठं ठेवलेत हे अजूनही विचारायच्या.

चिमटीनं हे सगळं प्रामाणिकपणे मुकादमबाईंच्या कानावर घातलं. मुकादमबाईंनी धाकट्या मालकांच्या. ते मनापासून हसले. ह्या आजींनी चिप्स केले असं आपण कुठं म्हणतोय, आपण नुसता फोटो लावतोय, असं त्यांनी समजावून सांगितलं. सत्याला कुठंही धक्का न लावता खोटं बोलायची ही हातोटी कष्टानंच येत असणार.

सासूबाई तयार झाल्या, तेही एका वाक्यात. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे कोणी तक्रार घेऊन आलं नव्हतं, आणि त्या कंटाळल्या होत्या.

पाकीट बाजारात आलं. वर सासूबाई हसताहेत, खाली लिहिलंय, ‘आजीच्या हातचे, जसे पूर्वी होते.’ पूर्वी म्हणजे कधी, हे विचारायला कोण बसलंय. गल्लीत लोक त्यांना थांबवून त्यांची कृती विचारू लागले. त्या म्हणायच्या, “काही नाही हो, मनापासून करायचं.” खिडकीवर बसून कमावलेलं शहाणपण होतं ते, ऐकणारा समाधानानं जायचा आणि हातात काहीच पडलेलं नसायचं. चिमटीची मात्र पंचाईत झाली. संध्याकाळी सुटून पॅकिंगवरून जाताना पट्ट्यावरून सासूबाईंची रांगच्या रांग येताना दिसायची, आणि घरी पोचली की मूळ प्रत खुर्चीत बसून विचारायची, आज उशीर का झाला.

मग टोपीवाल्यानं जाहिरातीची फिल्म काढायचं ठरवलं. आजी बटाट्याच्या चकत्या करतेय, खिडकीतून ऊन येतंय, संपलं. कारखान्याच्या जुन्या गुदामात त्यांनी एक लाकडी स्वयंपाकघर उभं केलं. उन्हासाठी दिवा होता. खिडकीबाहेर एका माणसाच्या हातात फांदी दिली होती, ती त्यानं हलवायची.

सासूबाईंनी सुरी पेनासारखी धरली. पहिला बटाटा टेबलावरून घरंगळला आणि दिव्याखाली जाऊन बसला. दुसरा त्यांनी दाबून धरला आणि आपल्याच अंगठ्याला चीर पाडून घेतली. थोडंसंच रक्त आलं, पण टोपीवाल्याचा चेहरा उतरला. त्यानं सुटा एखादा पाना मागावा तसं मागं वळून विचारलं, हात आहेत का कोणाचे. मुकादमबाईंनी मोठ्या तत्परतेनं सासूबाईंच्या सोबतीला आलेल्या चिमटीला पुढं ढकललं.

चिमटीचे हात तपासले गेले. ते फार तरणे निघाले. रंगरंगोटीच्या मुलीनं आधी त्यांच्यावरचे, मोज्यातूनही पडलेले गरम चिप्सचे खरे डाग पावडरीखाली झाकले, आणि मग वर वयाचे खोटे डाग काढले. सुरकुत्यासुद्धा काढल्या, एक-एक करून. चिमटीनं आपला म्हातारा हात उलटसुलट करून पाहिला. चांगला जमला होता.

मग दोघींना उभं करायची वेळ आली. लांब बाह्यांचा ढगळ ॲप्रन घालून सासूबाई टेबलामागं उभ्या राहिल्या, हात पाठीशी बांधून. त्यांच्या मागं, त्याच ॲप्रनमध्ये, चिमटी एका बुटक्या स्टुलावर गुडघे टेकून बसली आणि तिनं आपले हात त्याच्या बाह्यांतून पुढं काढले. तिचं तोंड सासूबाईंच्या पाठीत दाबलं गेलं होतं. आत अंधार होता आणि पावडरचा वास. इतक्या वर्षांत ती सासूच्या इतक्या जवळ कधी आली नव्हती. घरात दोघी एकमेकींना वाट देऊन जायच्या, गर्दीतल्या अनोळखी माणसांसारख्या.

चिमटीला बटाटा दिसत नव्हता. त्यामुळे सासूबाई सांगणार आणि ती कापणार, असं ठरलं.

“डावीकडे घे,” सासूबाई हसरे ओठ न हलवता म्हणाल्या. “अजून जरा. थांब, तिथं बोट आहे तुझं.”

ज्या बाईनं कधी बटाटा सोलला नाही ती चकत्या कशा करायच्या ते सांगत होती, आणि गंमत म्हणजे तिच्या सांगण्यावाचून चिमटीचं अडत होतं. चकत्या पडू लागल्या. टोपीवाला खूश झाला, पण मधेच फांदीवाल्याचा हात दुखू लागला म्हणून काम थांबलं. कोणीही हलायचं नाही असा हुकूम झाला. दोघी तशाच राहिल्या. सासूबाईंचा तोल जाऊ नये म्हणून त्यांनी पाठीमागं चिमटीचा खांदा धरला होता.

“तू तिथं आत नेमकं काय करतेस गं?” सासूबाईंनी एकदम विचारलं.

“जळलेले काढते,” चिमटी त्यांच्या पाठीत बोलली.

“दिवसभर?”

“दिवसभर.”

“उभ्यानं?”

“हो.”

“मला वाटायचं, तू पाकिटं भरतेस.”

चिमटीला राग यायला हवा होता, पण अंधारात आणि पावडरच्या वासात तिला तो नीट धरता येईना. उलट तीच बोलत सुटली. पाती वाकडी केल्यापासून चकतीची पातळ बाजू करपते आणि जाड बाजू मऊ राहते, टेबलावर जळक्यांचा नुसता लोंढा येतो, संध्याकाळी बोटं दुमडत नाहीत, डोळे मिटले तरी पिवळा पट्टा वाहतच असतो. पाठीला सांगणं तोंडाला सांगण्यापेक्षा सोपं होतं. सासूबाईंनी खांद्यावरची पकड तेवढी सैल केली.

फिल्म अतिशय गाजली. त्या हातांवर तर लोकांचा जीव जडला. आयुष्यभर चुलीपुढं राबलेले हात आहेत, बघताक्षणी कळतं, असं अनेकांनी लिहिलं. सासूबाई गल्लीत जाताना हात पदराखाली घेऊ लागल्या.

मागणी इतकी वाढली की टेबलावरचे हात पुरेनात. त्यामुळे ‘हातच्या’ चिप्सना न्याय देण्यासाठी हातच काढून टाकायचं ठरलं. एक नवं यंत्र आलं. चिप्स पट्ट्यावरून खाली उडी घेताना त्यातला कॅमेरा प्रत्येकाला बघायचा आणि जो काळा असेल त्याला फुस्स करून हवेच्या झोतानं बाजूला उडवायचा. सगळे त्याला डोळा म्हणू लागले. डोळ्याला पाठदुखी नव्हती, चहा लागत नव्हता, आणि त्याचा चष्मा घरी राहत नव्हता. मुकादमबाईंनी सहाजणींना बाजूला घेऊन सांगितलं की महिनाअखेर टेबल उचलणार. दुसरीकडे कुठं सोय होते का बघू, असंही त्या म्हणाल्या. ज्यांचं काही होणार नाही त्यांना सांगतात त्या आवाजात.

चिमटीनं घरी ते जेवताना सांगितलं. नवरा पाण्याच्या पंपांची दुरुस्ती करायचा. बिघडलेली वस्तू समोर आणून ठेवली तरच त्याला काही सुचायचं. तो म्हणाला, बघू, काहीतरी होईल. सासूबाईंनी टीव्ही बंद केला. असं सांगितलं कोणी, कोणासमोर, त्याच्या वर कोण आहे, लेखी आहे का तोंडी, असं सगळं त्यांनी एकेक करून विचारून घेतलं. मग “ठीक आहे” म्हणाल्या आणि टीव्ही परत लावला. चिमटीला वाटलं, विषय संपला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कारखान्यात दुकानदारांचा आणि एजंटांचा मोठा मेळावा होता. मंचावर दोन मजली सासूबाई टांगल्या होत्या, आणि खऱ्या सासूबाईंनी त्यांच्याखाली उभं राहून “प्रेम हाच माझा मसाला” एवढंच म्हणायचं होतं. मला एकटीला चक्कर येते, सून सोबत हवी, असं त्यांनी कळवलं होतं. त्यांना आयुष्यात कधी चक्कर आली नव्हती. मेळाव्याआधी त्या पाण्याची बाटली धरलेल्या चिमटीला घेऊन धाकट्या मालकांच्या खोलीत गेल्या. टोपीवालाही तिथंच बसला होता.

“साहेब, एक शंका होती,” सासूबाई म्हणाल्या.

“विचारा ना, आजी.”

“मंचावर कोणी विचारलं की हे हात कोणाचे, तर काय सांगायचं?”

“असं कोण विचारणार आहे?”

“मी जन्म खिडकीवर काढलाय. माणसं काहीही विचारतात. आणि माझं आता वय झालं, पढवलेलं विसरायला होतं. खरं असेल तेवढं चांगलं लक्षात राहतं.”

धाकट्या मालकांनी टोपीवाल्याकडे बघितलं. टोपीवाल्यानं टोपी सारखी केली.

“म्हणजे काय लक्षात आहे तुमच्या?”

“हेच, की हात माझ्या सुनेचे. ही काय, इथंच उभी आहे. आणि तिचं टेबल तुम्ही उचलताय. बाकी वाईट असं काही नाही त्यात.” त्यांच्या चेहऱ्यावर तेच हसू होतं, पाकिटावरचं.

चिमटी जमिनीकडे बघत होती. आपल्याबद्दल कोणीतरी इतकं ठणकावून बोलतंय याचं तिला बरं वाटत होतं, आणि त्याच वेळी आपण खोलीतली एखादी खुर्ची आहोत असंही वाटत होतं.

मग धाकट्या मालकांना एक कल्पना सुचली, आणि ती आपल्यालाच सुचली अशी त्यांची प्रामाणिक समजूत झाली. त्यांनी मंचावर जाऊन जाहीर केलं की ज्या काळात सगळे हाताला हद्दपार करताहेत त्या काळात आपली कंपनी हात जपणार आहे. टेबल राहील. इतकंच नव्हे, ते काचेमागं ठेवण्यात येईल, आणि लोकांना येऊन ते बघता येईल. टाळ्यांचा कडकडाट झाला. सासूबाईंनी प्रेमाच्या मसाल्याचं वाक्य एकही शब्द न विसरता म्हटलं.

भिंत फोडून भलीमोठी काच बसवली. सहाजणींना नवे कोरे पांढरे पोशाख मिळाले. डोळा तर बसवलेलाच होता, तो टेबलाच्या आधी काम करायचा, त्यामुळे टेबलावर येणारे चिप्स सोन्यासारखे स्वच्छ असायचे. पहिल्या दिवशी पाहुणे आले आणि काचेपलीकडून त्यांना दिसल्या सहा बायका, चांगल्या चिप्सकडे टक लावून बसलेल्या. कोणी काही वेचत नव्हतं, कारण वेचायला काही नव्हतं. एका पाहुण्यानं विचारलं, ह्यांना चिप्स खायचे आहेत का.

यात नाट्य नाही, असं धाकट्या मालकांचं मत पडलं. त्यावर लगेच उपाय निघाला. डोळ्यानं बाजूला काढलेल्या जळक्या चिप्सचा डबा पत्र्याच्या आडोशामागं नेला जाई. तिथं एक माणूस बसवला होता, तो त्यातले चिप्स ओंजळीनं परत पट्ट्यावर भुरभुरायचा. मग ते टेबलावर यायचे, सहाजणी ते वेचून डब्यात टाकायच्या, डबा पुन्हा आडोशामागं जायचा. हळूहळू काही चिप्स ओळखीचे झाले. कानाच्या आकाराचा एक काळाकुट्ट चिप होता, तो दुपारपर्यंत दोन-तीनदा भेटायचा. टेबलावरच्या बायका त्याला “आलात का, बसा” म्हणायच्या.

सुरुवातीला चिमटीलाही हसू आलं. महिन्याभरात ते आटलं. काचेला नाकं लावून शाळेची मुलं बघायची, हात हलवायची, त्यांच्या बाई सांगायच्या की बघा, एकेक चिप निवडून घेतात. चिमटीची बोटं मंदावली. मुद्दाम नव्हे, घाई कशाची करायची हेच त्यांना कळेनासं झालं. मुकादमबाईंनी त्याबद्दल तिचं कौतुक केलं. आता पाहुण्यांना नीट दिसतं, म्हणाल्या.

घरी सासूबाई आपल्या पराक्रमाची गोष्ट येईल त्याला सांगत होत्या. एका संध्याकाळी समोरच्या शेजारणीला ती साग्रसंगीत सांगून झाली, शेजारीण गेली, आणि चिमटी दाराशी उभीच राहिली.

“आई, तुम्ही मला विचारलं नव्हतं,” ती म्हणाली.

“काय विचारायचं त्यात? काम राहिलं ना?”

“राहिलं. ते जळलेले चिप्स परत आणून टाकतात आणि मी परत वेचते. तेच चिप्स. रोज.”

सासूबाईंनी तिला ते पुन्हा सांगायला लावलं. मग त्यांना हसू फुटलं, असं की त्यांनी खुर्चीचा हात धरला, डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा काढावा लागला. तो पुसता पुसता त्यांनी वर पाहिलं. चिमटी हसत नव्हती. सासूबाईंचं हसू तिथंच थांबलं.

“मग तुला काय पाहिजे?” त्यांनी विचारलं.

हा प्रश्न चिमटीला माहेरी कोणी विचारला नव्हता, सासरी नाही, आणि कारखान्यात तर तो विचारायची पद्धतच नव्हती. पण उत्तर आत कुठंतरी बऱ्याच दिवसांपासून तयार असावं.

“मला तळणीवर जायचंय,” ती म्हणाली. “इतकी वर्षं जळून झाल्यावर उचलतेय. एकदा जळायच्या आधी तिथं उभं राहायचंय.”

सासूबाईंनी चष्मा घातला. “उद्या जाते मी साहेबांकडे.”

“तुम्ही नका येऊ,” चिमटी म्हणाली. ते जरा तोडून बोलल्यासारखं झालं, म्हणून ती पुढं म्हणाली, “मी जाते.”

सासूबाईंनी मान हलवली. त्यांना ते लागलं होतं, पण चेहरा खिडकीवरचाच होता, त्यामुळे किती लागलं ते कळलं नाही.

धाकटे मालक तेव्हा ‘आजोबांच्या शेतातले’ या नव्या चवीत आकंठ बुडाले होते. चिमटीनं उभ्याउभ्याच सांगितलं. त्यांनी मान वर केली आणि त्यांचे डोळे चमकले. वाफेतून दिसणारी बाई, हातात लांब दांड्याचा झारा, मागं तेलाचा सोनेरी प्रवाह. तळणीवर झारा नसतो, बटणं असतात, हे त्यांनी क्षणभर बाजूला ठेवलं. लगेच हो म्हणाले, आणि टोपीवाल्याला बोलावतो, एक छान फोटो घेऊ, असंही म्हणाले.

“फोटो नको,” चिमटी म्हणाली.

त्यांना ऐकण्यात चूक झाल्यासारखं वाटलं. फोटो नको म्हणणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. “का?”

“वाफेनं चष्मा भरतो. मी चांगली दिसणार नाही.”

चेहरा अगदी शांत ठेवून ती हे बोलली. घरात इतकी वर्षं राहून एवढं तरी शिकली होती. कारण धाकट्या मालकांना पटलं. चांगलं न दिसण्याची भीती त्यांना समजत होती. बिचारी, असं त्यांनी तोंडानं म्हटलं नाही, पण त्यांच्या मानेनं म्हटलं.

काचेमागं चिमटीच्या जागी पॅकिंगमधली एक मुलगी उभी राहिली. ती पाहुण्यांकडे बघून गोड हसायची, त्यामुळे कोणाचंच काही अडलं नाही. टेबलाचं खरंखोटं कोणाला सांगावं की नाही, हे कोडं चिमटीला सुटता सुटलं नाही. बाकीच्या पाचजणींना तिथं बरं वाटत होतं, बसायला स्टुलं मिळाली होती, त्यांच्या सुखात तिनं कशाला नाक खुपसावं.

तळणीवाला म्हणजे तोंडाचा कडू माणूस. आपल्या हाताखाली बाई दिली याचा त्यानं निषेध केला, तो असा, की आठवडाभर तो तिच्याशी बोललाच नाही. ती नुसती उभी राहून बघत राहिली. चकत्या पडल्या की तेल उसळतं, चकत्यांतलं पाणी निघेल तसे बुडबुडे बारीक होत जातात, बाहेर येताना आवाज कोरडा होतो. मग एक दिवस तळणीवाल्याला खोकल्याची उबळ आली आणि तो तिला बटण दाखवून बाहेर पळाला. परत येईपर्यंत तिनं पट्टा हळू केला होता, बहुधा फारच हळू. अख्खी खेप तपकिरी होऊन बाहेर पडली. पलीकडे डोळा फुस्स-फुस्स करत सुटला आणि शेवटी त्याचं डोकं भणाणून तो बंदच पडला. मुकादमबाई धावत आल्या. त्या जे बोलल्या ते सबंध कारखान्यानं ऐकलं. त्या गेल्यावर तळणीवाला चिमटीशी पहिल्यांदा बोलला.

“माझी पहिली खेप याहून काळी होती,” तो म्हणाला, आणि पुढं तिला रोज थोडं थोडं दाखवू लागला. शिकवणं म्हणता येईल इतकं गोड ते नव्हतं.

शिकायला तिला सगळा हंगाम लागला. थंडीत साठवलेला बटाटा गोड होतो आणि झटकन लाल पडतो, तो आला की तेल जरा उतरवायचं. पावसाळी बटाट्यात पाणी जास्त, त्याला वेळ द्यायचा. चुका अजून व्हायच्या. केसांना तेलाचा वास बसला तो धुतला तरी जाईना. पण संध्याकाळी डोळे मिटले की आता पट्टा वाहायचा नाही.

‘आजोबांच्या शेतातले’ बाजारात आले तशी पाकिटावरून सासूबाईंची उचलबांगडी झाली. नव्या पाकिटावर भाड्यानं आणलेले एक आजोबा गवताची टोपी घालून उभे होते. सासूबाईंनी ते पाकीट लांब धरून निरखलं. ह्या माणसानं पाण्याचं बिल कधीच वेळेवर भरलं नसणार, एवढंच म्हणाल्या. दोन दिवस त्या जरा गप्प गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी चिमटी कामावरून आली तेव्हा शेजारीण येऊन बसलेली होती, आणि सासूबाई तिला आपली सून तळणीवर असते असं सांगत होत्या.

“म्हणजे घरीच तळता की काय चिप्स?” शेजारणीनं विचारलं.

“घरी कुठं. ह्या खोलीत मावणार नाही एवढी मोठी आहे ती तळणी,” सासूबाई म्हणाल्या, आणि पुढं तेल किती तापवायचं, चकत्या किती वेळ ठेवायच्या ते त्यांनी सविस्तर सांगितलं. त्यांनी सांगितलेल्या आकड्यांवर चिप्सचा कोळसासुद्धा हाती लागला नसता. शेजारीण भान हरपून ऐकत होती.

चिमटीनं चपला काढल्या, आत जाऊन हातपाय धुतले, आणि बाहेर येऊन सासूबाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसली.

“हो ना गं?” सासूबाईंनी विचारलं.

“हो,” चिमटी म्हणाली.